गावात ५जीचं महाग रिचार्ज मारावं का?

"भाऊ, हे ५जीचं रिचार्ज मारू का साधंच राहू देऊ?"

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकलं गेलं की हा प्रश्न माझ्या दुकानात दिवसाला चार-पाच वेळा येतो. दुकान म्हणजे आर्वी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात, एसटी थांब्याला लागून असलेली दहा बाय बाराची खोली. मोबाईल दुरुस्ती, रिचार्ज, झेरॉक्स. गिऱ्हाइकाच्या हातात नवा फोन असतो, खोक्यावर मोठ्या अक्षरात ५जी छापलेलं असतं, आणि साधं रिचार्ज मारलं तर एवढ्या महाग फोनचा अपमान होईल की काय, अशी शंका चेहऱ्यावर असते.

ज्यांनी आता कुठे पहिला स्मार्टफोन घेतलाय, किंवा लेकरानं पुण्याहून पाठवलेला फोन ज्यांच्या हाती आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाचून लगेच रिचार्ज मारायला पळू नका. आठवडाभर रोज दहा मिनिटं काढा आणि एक जुनी वही जवळ ठेवा.

पहिली पायरी: डेटा वेगळा, वेग वेगळा

आपल्याकडे "नेट जास्त" म्हटलं की दोन गोष्टी एकात मिसळतात. रोज दीड जीबी, दोन जीबी हे झालं माप, म्हणजे किती लिटर दूध. वेग म्हणजे ते दूध किती जोरात पडतं. रिचार्जच्या पाटीवर लिहिलेलं असतं ते माप.

आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ४जीवर तुम्ही स्वस्त प्लॅन मारा की महाग, टॉवर तुम्हाला वेग तोच देतो. शेजारच्यानं पन्नास रुपये जास्त मोजले म्हणून त्याच्या फोनवर व्हिडिओ लवकर उघडत नाही. जास्तीच्या पैशात मिळतात रोजचे थोडे जास्त जीबी, आणि कंपनीनं ज्या प्लॅनवर ५जी ठेवलंय त्यांत तो बसत असेल तर ५जीची मोकळीक. गावात ५जी पोचलंच नसेल, तर वेगासाठी म्हणून दिलेल्या त्या पैशात वेग येत नाही.

२०२२ च्या १ ऑक्टोबरला देशात ५जी सुरू झालं, तेव्हा कंपन्यांनी ते बऱ्याचशा प्लॅनसोबत देऊन टाकलं होतं. जुलै २०२४ मध्ये दर वाढले आणि जिओ, एअरटेल या दोघांनीही अमर्याद ५जी रोज दोन जीबी किंवा त्याहून वरच्या प्लॅनपुरतं ठेवलं. त्या दरवाढीनंतर जिओचा २८ दिवसांचा रोज दीड जीबीचा प्लॅन २९९ रुपयांना होता, दोन जीबीचा ३४९ ला. आजचा भाव रिचार्ज मारताना बघून घ्या, तो हलत राहतो. पण "५जीचे जास्तीचे पैसे" म्हणतात ते साधारण एवढेच, महिन्याला पन्नासच्या घरात. फोनचे पैसे वेगळे, त्यावर पुढे येतो.

दुसरी पायरी: नेट हळू का आहे, ते आधी शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे जरा थांबतो.

रोजचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. एक एमबीचा एखादा फोटो उघडायला दोन मिनिटं. मागच्या उन्हाळ्यात एक बाबाजी आले, वय सत्तरीच्या वर. म्हणाले, "बाप्पा, सकाळी मस्त चालते, अन् चार वाजले की नुसतं गोल गोल फिरून राह्यलं. टॉवरवाल्यानं चाराले बंद करायचा ठेका घेतला का?" फोन हातात घेऊन डेटाचा वापर काढला. नातू शाळेतून आला की गेम डाउनलोड करत होता आणि कीर्तनाचे व्हिडिओ आपोआप ७२०पी वर, म्हणजे जास्त डेटा खाणाऱ्या स्पष्ट चित्रावर चालत होते. यूट्यूबमध्ये डेटा सेव्हर लावून दिला, व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड बंद केलं. खर्च शून्य रुपये. तुम्हीही सेटिंगमध्ये डेटा युसेज उघडा आणि कोणतं ॲप किती खातं ते बघा. दुपारनंतरच नेट मरत असेल तर दुखणं टॉवरचं नसून कोट्याचं आहे.

दुसरं कारण घराचं छप्पर. टिनाचे पत्रे रेडिओ लहरी अडवतात, आणि आपल्याकडे अर्ध्या गावावर टिन आहे. घरात सिग्नलची एक काडी, ओसरीत तीन. हे तपासायला फोन घेऊन फक्त दहा पावलं चाला. नेमका आकडा हवा असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनवर सेटिंग, अबाउट फोन, सिम स्टेटस या वाटेनं सिग्नल स्ट्रेंग्थ दिसतो. तो उणे आकडा असतो, डीबीएममध्ये. उणे ८०-८५ च्या आसपास असेल तर झकास, उणे १०० ला ओढाताण, उणे ११५ ला जाऊ द्या. काड्यांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक कंपनीचा फोन काड्या आपल्या हिशेबानं दाखवतो.

तिसरं, टॉवरवरची गर्दी. एका टॉवरचा वेग त्यावर त्या घडीला असलेल्या सगळ्यांत वाटला जातो. रात्री साडेआठ ते दहा, जेवणं झाली की अख्खं गाव रील्सवर. क्रिकेटची मॅच असली तर विचारूच नका. शिवाय टॉवरला मागून जोडणी कशी आहे, फायबरची की दुसऱ्या टॉवरकडून डिशनं आलेली, त्यावरही वेग ठरतो. विहिरीला पाणीच दोन तासांचं असेल तर साडेसात एचपीची मोटार बसवून काय ओलीत होणार? टॉवर ५जीचा झाला तरी मागची जोडणी बारीक असेल तर फोनच्या कोपऱ्यात ५जी दिसतं आणि व्हिडिओ अडकतोच. डिशच्या जोडणीवर मुसळधार पावसाचाही परिणाम होतो. लाइन गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली, की तुमचा प्लॅन २९९ चा होता की ३४९ चा, हे टॉवरला माहीत नसतं.

चौथं म्हणजे समोरचं सर्व्हर. एका योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी माझ्या दुकानात दोन दिवस रांग होती. ओटीपी येईना, पान उघडेना. एक बाई तिसऱ्यांदा परत आल्या तेव्हा चिडून म्हणाल्या, "तुमचं नेटच भंगार आहे, ५जी घ्या ना जी!" नेट ठीक होतं, राज्यभरातून सगळे एकाच वेळी त्या पानावर तुटून पडले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्याच ४जीवर त्यांचं काम पाच मिनिटांत झालं.

ही चार कारणं आधी तपासून घ्या. माझ्या अनुभवात "नेट हळू आहे" म्हणत येणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न इथेच संपतो.

तिसरी पायरी: वहीत मोजमाप

मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी ट्रायचं मायस्पीड नावाचं ॲप आहे, फुकट. ते टाका. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ अशा तीन वेळा आणि तीन जागी वेग मोजा: घरात जिथे फोन जास्त वापरता तिथे, ओसरीत, आणि वावरात. पाच दिवस पुरे. वहीत चार रकाने आखा: जागा, वेळ, डाउनलोड, अपलोड.

आकडा एमबीपीएसमध्ये येतो. याला आठनं भागलं की सेकंदाला किती एमबी उतरतील ते कळतं, कारण इथलं बी म्हणजे बिट आणि फाइलचं बी म्हणजे बाइट. १६ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २ एमबी. दुकानात नव्या पोरांनाही हे सांगावं लागतं.

एक सावधगिरी. ही चाचणी स्वतःच डेटा खाते. ४जीवर थोडाच जातो, पण ५जीवर ३०० एमबीपीएसच्या वेगानं नुसते दहा सेकंद मोजलं तरी पावणेचारशे एमबी उडतात. मित्राच्या फोनवर मोजत असाल तर त्याला आधी सांगा.

माझ्या स्वतःच्या वहीत एका आठवड्याचे एमबीपीएसमधले आकडे असे होते: दुकानाबाहेर चहाच्या टपरीपाशी सकाळी ४जीवर २२, रात्री ४. घरी सकाळी ९, रात्री दीड. आणि वावरात, दिवसभर कधीही, ११ ते १४. वावरातला आकडा बघून बायको म्हणाली, खाट तिकडेच टाका.

चौथी पायरी: ५जी तुमच्या दारी आहे का?

कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कव्हरेजचा नकाशा असतो. गावाचं नाव टाकून बघा. पण नकाशा गावाला रंग देतो, घराला देत नाही. माझं गिऱ्हाइकांना सांगणं एकच: शेजाऱ्याचा ५जी फोन मागा. ज्या कंपनीचा विचार करताय, तिचंच सिम असलेला. तुमच्या ओसरीत उभं राहून रात्री नऊला मोजा. नाहीतर त्याचा हॉटस्पॉट घेऊन तुमचा रोजचा एक व्हिडिओ लावून बघा. यापेक्षा खरी चाचणी कोणताही दुकानदार देऊ शकत नाही, मीसुद्धा.

हे मी अंगावर घेऊन शिकलोय. २०२४ च्या दिवाळीत मी एका कंपनीचं वर्षभराचं, साडेतीन हजारांच्या घरातलं रिचार्ज मारलं. टपरीपाशी ५जी दणकून येत होतं, तेवढ्यावर हुरळलो. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, नाल्यापलीकडे. तिथे वर्षभरात ५जीनं एकदाही तोंड दाखवलं नाही. दिवसभर दुकानात असतो म्हणून पैसे अगदीच वाया गेले नाहीत, असं मी बायकोला सांगतो.

असं का होतं, तेही सांगतो. ५जी सगळीकडे एकाच प्रकारच्या लहरींवर चालत नाही. ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीवर वेग जबरदस्त मिळतो, पण तिची पोच कमी, भिंत, दाट झाड, टिन यांना लवकर हरते. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, घरात शिरते, वेग मात्र बेताचा. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ फक्त जिओनं घेतला. म्हणून टॉवरपासून दूरच्या वस्तीवर ५जीची खूण दिसली तर ती बऱ्याचदा या लांब पल्ल्याच्या लहरीची असते, आणि शहरातल्या नातेवाइकानं दाखवलेला ५००-६०० चा आकडा तिथे शोधू नये.

जंगलपट्टीतले, म्हणजे धारणी, चिखलदऱ्याकडचे किंवा भामरागड, एटापल्लीकडचे कोणी वाचत असतील, तर त्यांच्यापैकी अनेकांचा प्रश्नच वेगळा आहे. तिथे आधी कोणतं का होईना सिम लागलं पाहिजे. नेटवर्क न पोचलेल्या गावांसाठी जुलै २०२२ मध्ये केंद्रानं ४जीची योजना मंजूर केली, देशभरातली २४,६८० गावं त्यात होती आणि काम बीएसएनएलकडे दिलं. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला रीतसर सुरू झालं. जंगलपट्टीत दुसऱ्या खाचेत बीएसएनएलचं सिम ठेवणं हा ५जीपेक्षा कितीतरी शहाणपणाचा खर्च आहे. जुनं ३जीच्या काळातलं सिम असेल तर ते बदलून ४जीचं घ्यावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

पाचवी पायरी: फोन तपासा

खोक्यावर ५जी लिहिलं म्हणजे काम झालं असं नाही. जिओचं ५जी स्वतंत्र धाटणीचं आहे, त्याला एसए म्हणतात. एअरटेलनं सुरुवात केली ती ४जीच्या खांद्यावर उभ्या असलेल्या ५जीनं, म्हणजे एनएसए. फोन घेताना दुकानदाराला सरळ विचारा: यात एसए आणि एनएसए दोन्ही चालतं का, आणि बँडच्या यादीत एन७८ सोबत एन२८ आहे का? एन७८ म्हणजे ती ३५०० मेगाहर्ट्झची वेगवान लहर, आणि एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झची लांब जाणारी. फोनच्या कंपनीच्या संकेतस्थळावर ही यादी असते. गाळ्यावरचा पोरगा "सगळं चालतं ना काका" म्हणाला तर हसून यादी उघडायला लावा.

सिम बदलायची गरज नाही. जिओ, एअरटेलच्या ४जी सिमवरच ५जी चालतं. "तुमचं सिम ५जी करून देतो, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो चोर आहे. ठेवून द्या. सांगून बसलात आणि पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन लावा.

जुना ४जी फोन नीट चालत असेल तर केवळ ५जीसाठी दहा-बारा हजार घालू नका, हे माझं ठाम मत आहे. फोन तसाही बदलायचाच असेल तर मात्र ५जीचाच घ्या, कारण तो चार वर्षं वापराल आणि तोवर टॉवर बदलतील.

सहावी पायरी: काम काय, त्याला वेग किती?

यूट्यूब स्वतः जे आकडे देतं ते असे: ३६०पी ला ०.७ एमबीपीएस, ४८०पी ला १.१, ७२०पी ला २.५, १०८०पी ला ५. म्हणजे ४जीवर रात्री नऊला ३ एमबीपीएस सलग मिळत असतील तर हाताच्या पंजाएवढ्या पडद्यावर काहीही बघायला ते पुरेसं आहे. डेटाच्या हिशेबात ४८०पी तासाला अर्धा जीबी, ७२०पी सव्वा जीबीच्या आत-बाहेर.

फोनपे, गूगल पे वगैरेला वेग लागतच नाही म्हटलं तरी चालेल. व्यवहाराची माहिती काही केबींची असते. किराणा दुकानात "पेमेंट अडकलं" होतं ते रेंज तुटक असते म्हणून किंवा बँकेचं सर्व्हर दमलेलं असतं म्हणून. त्यावर ५जी हा उपाय नाही. साध्या रेंजवर, नेट बंद असतानाही *९९# फिरवून ५,००० रुपयांपर्यंत यूपीआयनं पैसे पाठवता येतात. बाजाराच्या दिवशी टॉवर गुदमरला की मी कित्येकांना हेच करून दाखवलंय.

ई-पीक पाहणीला वावरात उभं राहून फोटो काढायचा असतो. जागा शोधायचं काम जीपीएस करतं, त्याला डेटा लागत नाही, आणि फोटो काही फार मोठा नसतो. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला कापूस द्यायला २०२५ पासून कपास किसान ॲपवर नोंदणी करावी लागते, तेही असंच हलकं काम. विजेचा इशारा देणारं दामिनी, हवामानाचं मेघदूत, दोन्ही हलकी. शेतीच्या या सगळ्या कामांना एक-दोन एमबीपीएस पुरतात, फक्त रेंज टिकली पाहिजे.

मग वेग हवा कोणाला? माझ्या गिऱ्हाइकांत तीन-चार जण आहेत ज्यांना मी स्वतः ५जीचं रिचार्ज मारायला लावलं.

एक डॉक्टरकीच्या 'नीट' प्रवेश परीक्षेची तयारी करणारी पोरगी. तिचे वर्ग थेट चालतात, फळ्यावरची बारीक अक्षरं ७२०पी च्या खाली वाचता येत नाहीत, आणि दिवसाला चार-पाच तास म्हणजे पाच जीबीच्या वर. दोन जीबीच्या कोट्यात ते बसणारच नाही. तिच्या घरी ५जी पकडतं, आणि ५जीवर असताना कोट्याला हात लागत नाही. तिच्या घरच्यांना ते पन्नास रुपये जास्तीचा खर्च नाहीत, उलट बचतच आहे, कारण आधी तिचे वडील दर दोन दिवसांनी छोटा डेटा पॅक मारायला यायचे.

दुसरा संत्र्याच्या बागेचे सौदे करणारा. बागेचा व्हिडिओ काढून बाहेरच्या व्यापाऱ्याला पाठवतो. त्याला डाउनलोडशी घेणंदेणं नाही, अपलोड पाहिजे. १०० एमबीचा व्हिडिओ १ एमबीपीएस अपलोडनं जायला तेरा-चौदा मिनिटं लागतात, २० एमबीपीएसनं चाळीस सेकंद. व्यापारी समोर ताटकळत असतो तेव्हा तेरा मिनिटांत सौदा दुसऱ्याकडे जातो. म्हणूनच वहीत अपलोडचा रकाना ठेवायला सांगितला.

आणि लॅपटॉपला हॉटस्पॉट देऊन घरून काम करणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, आमच्यासारखे फॉर्म भरणारे. यांना ५जी पकडत असेल तर घ्यावंच.

उलट घरातल्या आजीकडे बटणांचा फोन असेल, तर तिच्यासाठी डेटाचे पैसेच का भरता? ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले प्लॅन ठेवायला लावले. ते विचारून घ्या. आपणहून कोणी सांगत नाही.

सातवी पायरी: वर्षाचा हिशेब

२८ दिवसांचा महिना हा कंपन्यांचा महिना. वर्षात असे तेरा येतात. पन्नास रुपये गुणिले तेरा, ६५० रुपये. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना आहे, म्हणजे जवळपास अडीच बॅगा. घरात तीन फोन असतील तर तिप्पट. हे एकदा मांडलं की कोणत्या फोनला ५जी आणि कोणत्याला नाही, ते घरातल्या घरात ठरतं. सगळ्यांना सारखंच रिचार्ज मारायची काही गरज नाही.

या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ज्या गावात ५जी नुकतंच आलंय तिथे ५जी फोन कमी असतात. ४जीवर चारशे जण, ५जीवर वीस. रस्ता मोकळा. अशा ठिकाणी रात्री नऊलाही व्हिडिओ झरझर चालतो आणि डेटाची चिंता राहत नाही. ही मजा किती दिवस टिकेल ते गावात किती नवे फोन येतात त्यावर.

गावात ग्रामपंचायतीपर्यंत सरकारच्या भारतनेट योजनेचं फायबर आलं असेल आणि कोणी तिथून घराघरात जोडणी देत असेल, तर तीही चौकशी करा. एका घरात चार-पाच जण नेट वापरणारे असतील, तर प्रत्येकाला ५जीचं महाग रिचार्ज मारण्यापेक्षा एक फायबर आणि बाकी साधे प्लॅन हे अनेकदा स्वस्त पडतं. अडचण एकच. ट्रॅक्टरनं वायर तोडली तर जोडणारा माणूस तालुक्यातून कधी येईल, ते आधी त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारा.

आठवी पायरी: एकच महिना घेऊन बघा

सगळं जुळलं, तर सगळ्यात लहान मुदतीचा ५जी चालणारा प्लॅन एकदाच मारा. वर्षाचा नाही, तीन महिन्यांचाही नाही. मग सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क, प्रेफर्ड नेटवर्क टाइप इथे जाऊन ५जी निवडा. कित्येक फोनवर हे बंदच असतं आणि लोक महिनाभर कंपनीला शिव्या देतात.

५जी जिथे काठावर येतं तिथे फोन ५जी-४जी करत राहतो. बॅटरी उतरते, फोन तापतो, आणि ४जीवर घसरला की मुकाट्यानं कोट्यातला डेटा वापरतो. रील बघताना कोपऱ्यातली खूण बदललेली लक्षातही येत नाही. वावरात असं होत असेल तर तिथे फोन ४जीवर लावून ठेवा. चार्जिंग संध्याकाळपर्यंत पुरेल.

तुमच्या कंपनीचं ५जी घरी नाही आणि शेजाऱ्याच्या कंपनीचं आहे, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. इंग्रजी अक्षरांत पोर्ट, मग जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० ला पाठवायचा. येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा, राज्यातल्या राज्यात साधारण तीन कामाच्या दिवसांत बदल होतो. आत्ताच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात, आणि जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस बुडतात. म्हणून रिचार्ज संपत आल्यावरच पोर्ट करा. आणि बँकेच्या ओटीपीचा नंबर असेल तर कापूस विकल्याचे पैसे यायच्या आठवड्यात हा उद्योग करू नका. एकदा एकाचा नंबर बदलाच्या घडीला काही तास बंद होता आणि तो तेवढा वेळ माझ्या दुकानात बाकावर बसून होता, मला चहा दोनदा पाजावा लागला.

पैसे भरूनही रेंजच येत नसेल तर १९८ ला तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. त्या क्रमांकाशिवाय वर अपील करता येत नाही. गावातल्या दहा जणांनी एकाच आठवड्यात वेगवेगळ्या नोंदवल्या तर जास्त बरं.

मग रिचार्ज संपण्याच्या आदल्या दिवशी वही काढा. त्याच तीन जागी, रात्री नऊला पुन्हा मोजा. घरातला आकडा जुन्या आकड्याजवळच असेल, तर दुसऱ्या दिवशी येऊन म्हणा, "साधंच मारून दे." मला दोन्हीत कमिशन सारखंच नगण्य आहे.